फणीविना आठ दिवस

अर्जात प्रथम अर्जदाराची ओळख, नंतर वस्तुस्थिती आणि अखेरीस विनंती, असा क्रम असतो. प्रस्तुत प्रकरणात विनंती कोणतीही नाही, तरी क्रम मोडण्याची सवय नसल्याने ओळखीपासूनच आरंभ करते. पोलादपुरात कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या आडोशाला, ताडपत्रीखाली टेबल टाकून मी अर्ज लिहिते. वारसनोंद असो, पाणंदीची हरकत असो की हरवलेल्या शिधापत्रिकेचा जबाब असो, माझ्या हातचा कागद त्रुटीसाठी परत येत नाही. हे माझे मीच लिहिणे बरे दिसत नाही, परंतु दुसरे कोणी लिहीपर्यंत वाट पाहणे या वयात शक्य नाही. शिक्षणाच्या रकान्यात मी ‘आठवी उत्तीर्ण’ असे लिहिते आणि त्यापुढे रेघ ओढते. माझ्याकडे येणाऱ्या बायका कागद वाचून घेतात, अंगठा किंवा सही करतात आणि उठता उठता हमखास माझ्या केसांकडे पाहतात. माझे केस कुरळे नाहीत, सरळही नाहीत. कपाळापासून निघून खांद्याखाली जाईपर्यंत त्यांना तीन-चार वळणे पडतात. कानशिलाशी ते आता पांढरे झाले, पण वळणे गेली नाहीत. “ताई, काय लावता?” असे त्या विचारतात. मी सांगते की काय लावते ते विचारू नका, काय लावत नाही ते विचारा. माझ्या केसांना फणी लागून तीस वर्षे होऊन गेली. याचे कारण टेबलाशी उभ्या उभ्या सांगण्यासारखे नाही, म्हणून ते येथे लिहिते.

आमची वाडी कुडपणच्या उतारावर. घराचा एक भाग गुरांचा आणि दुसरा आमचा, मध्ये कमरेएवढी कुडाची भिंत, त्यामुळे जेवताना म्हैस आमच्याकडे बघत असे आणि तिचे खाणे चालू असताना आम्ही तिच्याकडे. पहाटे जाग येई ती रवीच्या आवाजाने. ताक घुसळताना दोरीचा होणारा तो घुमारा, त्यामागून जात्याची घरघर आणि मग चुलीपाशी भाकरी थापल्याचा चपचप आवाज, या तिन्हींचा क्रम चुकला तर घरात कोणीतरी आजारी आहे असे समजावे. खाणे म्हणजे नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, सणाला भात आणि एरवी वरी. घरात थोरले काका, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, त्यांची बायको म्हणजे काकी, आई आणि मी. बाबा बिरवाडीला कारखान्यात होते, तेथेच खोली घेऊन राहत आणि सुटीच्या दिवशी वर येत. त्यांच्या कपड्यांना रसायनाचा असा वास येई की म्हैस दोन पावले मागे सरे. आई आबांशी थेट बोलत नसे. मोठ्या दिराशी बोलायचे तर त्या काळी आमच्याकडे दुसऱ्या कोणाकडे तरी तोंड करून बोलण्याची रीत होती आणि काकी जवळ नसली की आई म्हशीकडे तोंड करून बोलत असे. आबाही म्हशीलाच उत्तर देत. त्या म्हशीला आमच्या घरातील सर्व व्यवहार ठाऊक होते.

माझी आई पाचाडकडची. तिच्या माहेरी सर्वांचे केस सरळ, पाण्यात भिजवलेल्या सुतळीसारखे, एकदा फणी फिरवली की दिवसभर जागचे न हलणारे. त्यामुळे केस विंचरणे म्हणजे काय याविषयी तिचे मत लग्नापूर्वीच पक्के झाले होते, आणि तेच मत तिने माझ्या डोक्यावर लागू केले. रोज सकाळी शाळेपूर्वी ती मला उंबऱ्यावर बसवी, गुडघ्यांमध्ये धरी आणि कोरड्या केसांत बारीक दातांची लाकडी फणी मुळापासून खाली ओढी. करकर आवाज येई. मी ओरडे. फणीचा एखादा दात मोडून केसांतच राही. विंचरून झाल्यावर केस आटोक्यात येण्याऐवजी दुप्पट फुलत, आणि वर्गातील मुली मला ‘करवंदीची जाळी’ म्हणत. काकी ‘झिपरी’ म्हणे. रविवारी शिकेकाईने डोके खसखसून धुणे आणि खरखरीत पंच्याने तसेच खसखसून पुसणे, हाही त्या शिक्षेचाच भाग होता. आज मला कळते की त्या केसांचे चुकीचे असे काही नव्हते, त्यांना दुसऱ्याच केसांचा नियम लावला जात होता. कचेरीतही पुष्कळ कामे याच कारणाने अडतात.

सातवीची परीक्षा झाली आणि मला मुदतीचा ताप आला. आमच्या वाडीची शाळा सातवीपर्यंत, तीही खालच्या गावात. पुढे आठवीसाठी मी बिरवाडीला बाबांच्या खोलीवर राहावे आणि तेथील हायस्कुलात जावे, असे आईने ठरवले होते. बाबांनी तेथील मास्तरांशी बोलून ठेवले होते. ताप महिनाभर राहिला. आजाऱ्याचे डोके धुवायचे नाही, हा नियम; शिवाय उन्हाळ्यात झऱ्याचे पाणी इतके खाली गेले होते की धुवायचे म्हटले तरी हंडा कोठून आणणार. मी उताणी पडून असे, मान गोधडीवर घासत असे आणि घामाने केस तेथल्या तेथे घट्ट होत गेले. ताप उतरल्यावर काकी मला पेज भरवायला बसली. माझी मान सावरताना तिचा हात मागे गेला आणि तेथेच थांबला.

“थांब गो, मान फिरव,” ती म्हणाली. मग तिने आबांना हाक मारली. “इकडं या. पोरीला जट आली हाय.”

मानेवर केसांचा एक गठ्ठा झाला होता, मुठीएवढा, वाळलेल्या शेवाळासारखा. आबांनी तो लांबूनच पाहिला आणि हात जोडले. जट ही देवीची खूण, तिला फणी लावायची नाही, ती कापायची नाही, आणि जिच्या डोक्यावर ती आली ती मुलगी देवीच्या शिवेबाहेर राहायची नाही, असे आमच्या वाडीत मानत. आबा कठोर मनुष्य नव्हते. त्यांना खरोखरच असे वाटत होते की आमच्या घरात मान आला आहे.

आई तेव्हा शेण काढत होती. ती म्हशीला म्हणाली, “महिनाभर फणी नाय लागली, तर गुंता होणार नाय तर काय होणार?”

आबा म्हशीला म्हणाले, “गुंता वेगला, जट वेगली. तिला सांग, कुणी हात लावायचा नाय. देवीचा केस हाय.”

मी येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण जबाबात सोयीचे तेवढेच लिहिणे मला पसंत नाही. मला जट आवडली. दुसऱ्याच दिवशी वाडीतल्या बायका आल्या, गाठीला हळदकुंकू लावले, माझ्या पाया पडल्या. मला पाटावर बसवले. काकी, जी कालपर्यंत झिपरी म्हणत होती, ती मला ‘बाय’ म्हणू लागली आणि लोण्याचा गोळा प्रथम माझ्या भाकरीवर ठेवू लागली. आपली गाय गाभण राहील काय, असे एका म्हातारीने मला विचारले. मी थोडा विचार करून “राहील” असे सांगितले, आणि ती समाधानाने गेली. माणसे आपले म्हणणे घेऊन आपल्यासमोर बसतात आणि आपण दोन शब्द बोलल्याने त्यांचा जीव भांड्यात पडतो, याचा अनुभव मला प्रथम तेव्हा आला. मी आईला स्पष्ट सांगितले, “मला नाय जायचं बिरवाडीला.”

आई माझे पाय दाबत होती. ती थांबली नाही. “पाया पडतात ते तुझ्या नाय,” ती म्हणाली. “त्या गाठीच्या पडतात. उद्या तू मेलीस तरी गाठ ठेवून घेतील.”

रविवारी बाबा आले. आईने त्यांना परसात नेले, पण परस आणि घर यांमध्ये कुडाखेरीज काही नसल्याने मला सर्व ऐकू आले. बाबांनी दोन वेळा घसा साफ केला आणि म्हणाले, “आबा म्हणतील तसं.”

“आबा म्हणतील तसं,” आईने त्यांचे वाक्य त्यांनाच परत दिले. “तुम्ही दोन म्हैने केस कापू नका. मंग तुमाला पण पाटावर बसवतील. आबांच्या टोपीखाली काय हाय ते त्या न्हाव्यालाच ठाऊक.”

“अगो, हळू बोल.”

“हळूच बोलते. माझी पोर पुढच्या म्हैन्यात शालेत गेली पायजे. बाकी मना काय ठाऊक नाय.”

शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते. आईने वाद वाढवला नाही. तिने म्हशीमार्फत आबांना सुचवले की आपण माणसांनी ठरवण्यापेक्षा देवीलाच विचारावे. आबांना हे पटले. नाही म्हणण्याजोगे त्यात काही नव्हतेच. आमच्याकडे असे विचारण्याला कौल लावणे म्हणतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, मग ज्याचे काम असेल त्याच्या वतीने गाऱ्हाणे घालतो. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमचे गुरव वयस्क होते, आवाज खणखणीत. पुढे मी अनेक वकिलांचे युक्तिवाद ऐकले, परंतु मागणी इतक्या नेमक्या शब्दांत मांडणारा मनुष्य पुन्हा पाहिला नाही. मंगळवारी सकाळी देवळापाशी सारी वाडी जमली. मला समोर बसवले. गुरवांनी देवळाजवळच्या जास्वंदीच्या पाकळ्या भिजवून लावल्या आणि म्हणाले, “बाय माझे, तुझी लेकरं तुझ्या दारात आली हाईत. हा केस तुझा असंल, पोर तुझ्या शिवेत ऱ्हावी असं तुझ्या मनात असंल, तर उजवा दे. नसंल तर डावा दे. लेकरांना घोरात ठेवू नको.”

उन्हे डोक्यावर येईपर्यंत आम्ही बसलो. एकही पाकळी पडली नाही. पाकळ्या वाळून दगडाला चिकटून गेल्या. अखेर गुरव म्हणाले, “आज तिच्या मनात नाय. पुढल्या मंगळवारी या. तवर फणी लावू नका आणि कातर लावू नका.”

घरी आल्यावर काकीने फणी आढ्याला खोचून ठेवली, हात पोचू नये म्हणून.  आईने भाकऱ्या केल्या, गुरांना पाणी दाखवले, आणि दुपारी सर्व पडल्यावर खोबरेलाची बाटली घेऊन माझ्यामागे पडवीत येऊन बसली. तिने बोटे तेलात बुडवली आणि गाठीच्या अगदी टोकाला, जेथे केस सुटे होते, तेथे लावली. काकी उठून बसली. “गुरवांनी काय सांगितलं, ऐकलंस ना?”

“ऐकलं जाऊबाय. फणी लावू नका बोलले, कातर लावू नका बोलले. बोटांचं काय बोलले?”

काकी बराच वेळ आठवत राहिली. गुरव बोटांविषयी खरोखरच काही बोलले नव्हते. “नाय बोलले,” असे म्हणून ती पुन्हा आडवी झाली. मनाईचा हुकूम हाती आला की त्यात काय लिहिले आहे ते नंतर पाहावे, काय लिहिलेले नाही ते आधी पाहावे, हा माझ्या धंद्यातला पहिला धडा मी पडवीत, आईच्या गुडघ्यांमध्ये बसून घेतला. नंतरच्या आयुष्यात तो मी कित्येकांना सांगितला आणि त्याचे श्रेय नेहमी आईला दिले.

तेलाने पहिल्या दिवशी काही झाले नाही. फणीची सवय असलेली तिची बोटे वरून खाली ओढत आणि गाठ अधिकच आवळे. दुसऱ्या दिवशी तिने दिशा बदलली. खालून आरंभ केला, एका वेळी चार-पाच केस, ते सुटले की त्यावरचे बोटभर. कोरडे केस दाद देत नाहीत हेही तिच्या ध्यानात आले. पण पाणी कोठले? तिने भाताच्या पेजेचे वरचे पाणी राखून ठेवायला सुरुवात केली. मग तिला जास्वंदीची आठवण झाली. जास्वंदीची पाने पाण्यात कुस्करली की बुळबुळीत रस निघतो, हे आम्हा सर्वांना माहीत होते. मुली तो भांड्यात घालून ‘तूप, तूप’ म्हणून खेळत. ती सकाळी देवळाजवळच्या झाडाचा पाला आणू लागली. काकीने विचारले तेव्हा म्हणाली, “देवीच्याच झाडाचा पाला हाय. तिच्या केसाला तिचा पाला.”  तिसऱ्या दिवशी तर काकीनेच पाला वाटून दिला, आणि वाटताना म्हणाली, “देवीची असंल तर सुटायचीच नाय. सोडवून बघ, म्हणजे आमचीपण खात्री होईल.” तेलावर पेज, पेजेवर पाल्याचा रस, आणि त्या बुळबुळीतून बोटे. केस घसरू लागले. प्रथमच करकर आवाज आला नाही.

दरम्यान माझे मन बदलत चालले होते. करवंदे पिकली होती. मैत्रिणी टोपल्या घेऊन निघाल्या तेव्हा मीही उठले, तर आबा म्हणाले की देवीची पोर काट्यात जात नाही. मुलींनी मला बोलावले नव्हतेच. ज्या मला करवंदीची जाळी म्हणत त्या आता दहा हात लांबून जात आणि काही म्हणत नसत. मी पाटावर बसून लोणी-भाकरी खाल्ली. ती खाताना मला प्रथमच वाटले की पाट फार उंच आहे. त्या दुपारी आई मागे येऊन बसली तेव्हा मी न सांगता मान खाली घातली.

“आता काय गो?” ती म्हणाली. “देवीला बिरवाडी नको होती ना?”

“सुटेल काय?” मी विचारले.

“बघू.”

पाचव्या दिवशी गाठ निम्मी झाली. सहाव्या दिवशी आंब्याच्या कोयीएवढी राहिली, आणि तेथे अडली. आईच्या बोटांची नखे रसाने हिरवी झाली होती आणि टोके सुरकुतली होती. सातव्या दिवशी, म्हणजे सोमवारी दुपारी, ती काम करत असता मला तिच्या मांडीवर झोप लागली. जागी झाले तेव्हा ऊन पडवीतून उतरले होते. मी मानेला हात लावला. तेथे गाठ नव्हती, केस होते.

“सुटली?”

“सुटली,” आई म्हणाली आणि उठून गुरांकडे गेली.

तिने राखून ठेवलेल्या हंडाभर पाण्याने माझे डोके धुतले. शिकेकाईचे पाणी केवळ टाळूला लावले, केसांवरून ते आपोआप खाली गेले. पंचा तिने घेतला नाही. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा घेऊन केस मुठीत दाबून दाबून टिपले. फणी आढ्यावरच असल्यामुळे विंचरण्याचा प्रश्न नव्हता. मी अंगणात बसले आणि केस आपापले वाळले. वाळताना ते फुलले नाहीत. त्यांना एकामागून एक वळणे पडत गेली, आणि आई चुलीपाशी जायची सोडून ते पाहत उभी राहिली. तेरा वर्षे ती रोज ते केस विंचरत होती आणि ते कसे आहेत हे तिने त्या दिवशी पाहिले. मानेवर मध्यभागी एक झुपका आखूड होता, बोटभर. तापात तुटले असतील, असे ती म्हणाली.

मंगळवारी पहाटे ती नेहमीप्रमाणे पाला आणायला गेली, आणि उन्हे वर आल्यावर आम्ही सर्व देवळापाशी गेलो. तिने माझे केस मोकळे सोडले आणि मला वाडीकडे पाठ करून उभे केले. कुजबुज झाली. देवीचा केस म्हणून आठवडाभर लांब राहिलेले आबा पुढे येऊन पाहू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. आमच्या घराला आलेला मान परत जात होता, आणि तो त्यांच्या डोळ्यांदेखत जात होता. “जट कुठं हाय?” त्यांनी काकीला विचारले.

तेव्हा आई त्यांच्याशी थेट बोलली. माझ्या माहितीप्रमाणे पहिल्यांदाच. म्हैस तेथे नव्हती हेही कारण असेल. “भावजी, सुटली ती. बोटांनी सोडवली, फणी लावली नाय. तुमची टोपी काढा असं मी बोलत नाय. पण ह्या केसांकडं बघा आणि तुमच्या भावाचं डोकं आठवा. हे केस तुमच्या घराण्याचं हाईत.”

मागे कोणीतरी फसकन हसले. आबांचा हात टोपीकडे गेला आणि तेथेच राहिला. गुरवांनी माझे केस हातात घेतले, वर उचलले, मानेवर बोट फिरवले. त्या आखूड झुपक्यापाशी त्यांचे बोट क्षणभर थांबले असे मला वाटले. मग ते आईकडे न पाहता पाषाणाकडे वळले आणि पाकळ्या लावून त्यांनी तेच गाऱ्हाणे, शब्दही न बदलता, घातले. डावी पाकळी लगेच पडली.

“सुटली म्हणजे देवीनं सोडली,” गुरव आबांना म्हणाले. “राग नाय तिचा. पोरीला जाऊ द्या.”

आबांनी मान डोलावली. जट नव्हतीच, असे कोणी म्हटले नाही आणि आईनेही म्हणवून घेतले नाही. चूक झाली हे समोरच्याकडून लिहून घेण्याच्या हट्टापायी हातचा आदेश घालवणारे अर्जदार मी पुष्कळ पाहिले आहेत. आईला फक्त आदेश हवा होता. त्या वर्षापासून ती मंगळवारचा उपास करू लागली. देवीने सोडले म्हणून करते, असे सर्वांनी धरले. पुढच्या रविवारी बाबा मला न्यायला आले. निघण्यापूर्वी घरी ठेवलेल्या सामानाने दाढी करताना, ब्लेड नवीन असून बोथट कसे झाले म्हणून ते कुरकुरले, आणि आई म्हणाली, “उतारावरून चाला आता, एसटी जाईल.” काकीने फडक्यात लोण्याचा गोळा बांधून दिला आणि म्हणाली, “जा गो झिपरे.”

बिरवाडीत मी आठवी पूर्ण केली आणि नववी अर्धी. पुढे शाळा का सुटली, ती हकीकत वेगळ्या प्रकरणाची आहे. परंतु सुवाच्य अक्षर, समास सोडणे, विषयाखाली रेघ मारणे आणि ‘सबब’ हा शब्द योग्य जागी वापरणे, हे सर्व मी त्या दीड वर्षात शिकले आणि त्यावरच आजवर उभी आहे. ज्या मुली माझ्या टेबलाशी केसांची चौकशी करतात, त्यांना मी पद्धत सांगते. केस ओले आणि निसरडे असतानाच सोडवावेत, खालून वर जावे, बोटांनी. जास्वंदीचा पाला मिळाला तर उत्तम, नाहीतर पेजेचे पाणी. खसखसून पुसू नये. वाळले की हात लावू नये. त्या म्हणतात, ताई, एवढा वेळ कोणाला आहे. मी म्हणते, आठ दिवस कोणाला तरी होता.

आई अखेरच्या वर्षी माझ्याकडे पोलादपुरात होती. हात वर जाईनात, म्हणून तिच्या डोक्याला तेल मी लावत असे. एका रविवारी ती दारात ऊन खात बसली होती आणि शेजारची मुलगी माझ्याकडून केसांची हकीकत ऐकून नुकतीच उठून गेली होती. फणी आणि कातर यांची मनाई होती, बोटांची नव्हती, हा भाग मी तिला नेहमीप्रमाणे रंगवून सांगितला होता.

“किती वर्सं सांगशील ते?” आई म्हणाली.

“खरे आहे ते सांगायला काय हरकत?”

मी तेलाची वाटी घेऊन तिच्यामागे बसले आणि तिच्या टाळूवर तेल थापले. मग ती म्हणाली, “गाठ सुटली नव्हती गो. मधली ऱ्हायलीच होती, सुपारीएवढी. दगड झाला होता. तू झोपलीस, मंग मी तुझ्या बाबाचं दाढीचं पातं घेतलं.”

माझा हात तिच्या डोक्यावर होता तो तेथेच राहिला. गुरवांच्या हुकुमात कातर होती, म्हणजे कापायलाच मनाई होती. मी तीस वर्षे ज्या हुकुमातील पळवाट लोकांना समजावत होते, तो हुकूम तिने सरळ मोडला होता.

“आणि ती गाठ?”

“तिची होती, तिला दिली. पालं आणायला गेले ना पहाटं, तवा तिच्या पायाशी दगडाखाली ठेवली.”

“काय बोललीस तिला?”

“काय बोलायचं? बोलले, केस तुझे, पोर माझी. पालं घेतलं आणि आले.”

मी मनातल्या मनात त्या वाक्याचा अर्ज करून पाहिला. प्रति, विषय, संदर्भ, सबब. कोठेही काही घालण्याजोगे सापडले नाही. ती डोळे मिटून बसली होती, आणि मी बोटे तेलात बुडवून तिच्या केसांतून, टोकापासून आरंभ करून, एकेक पेड सोडवत राहिले. विरळ, पांढरे, अगदी सरळ केस. त्यांना फणी चालली असती.